भिंतभर व्हॅन गॉग

पॅरिसच्या अकराव्या विभागात, रू सँ-मोर नावाच्या रस्त्यावर, 1835 साली सुरू झालेला एक ओतकामाचा कारखाना आहे. तिथल्या भट्ट्या विझून कित्येक दशकं लोटली. 2018 पासून त्याला ‘आतलिए दे ल्युमिएर’ म्हणतात आणि लोक तिकीट काढून आत चित्रं बघायला जातात. गंमत अशी, की आत एकही खरं चित्र नाही. आहेत ते साधारण 140 प्रोजेक्टर, स्पीकर आणि दहा-दहा मीटर उंचीच्या भिंती.

पहिल्या वर्षी तिथे चित्रकार क्लिम्ट होता, 2019 मध्ये व्हॅन गॉग लागला. हो, सिनेमासारखा लागलाच. भाची तिकडे नोकरीला असल्यामुळे मला तो बघायला मिळाला. शाळेत पोरांना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवण्यात माझी सगळी नोकरी सरली. व्हॅन गॉग मी शिकवायचे तो पोस्टकार्डाएवढ्या छापील चित्रांवरून. त्यामुळे आत शिरले तेव्हा आधी छातीत धस्सच झालं. अंधार, चहूबाजूंनी सूर्यफुलं, आणि बदामाचा बहर भिंतीवरून उतरून थेट माझ्या चपलांवर. खुर्च्या जवळजवळ नाहीतच. “मावशी, बस ना खाली, इथे सगळे बसतात,” म्हणत भाचीने मांडी घातली. मीही पदर खोचून टेकले. समोर तीन-चार वर्षांची एक पोरगी जमिनीवरची फुलं वेचायला धावत होती आणि मूठ उघडून बघत होती.

हे करतात कसं, ते मी भाचीकडून समजून घेतलं. मूळ चित्राचा अतिशय बारीक तपशिलाचा फोटो घेतात. मग संगणकावर त्याचे थर सुटे करतात: गव्हाच्या शेतावरचे कावळे वेगळे, आभाळ वेगळं. कावळा उचलला की मागे भोक उरतं, ते आसपासच्या रंगाने बुजवायचं. मग कावळे उडवता येतात. हॉलचा नकाशा आधीच संगणकात असतो. प्रत्येक प्रोजेक्टरच्या वाट्याला भिंतीचा एकेक तुकडा येतो. दोन तुकडे कडांना एकमेकांवर चढवतात आणि तिथला उजेड मोजून कमी करतात, म्हणजे जोड दिसत नाही. गोधडीला ठिगळ जोडताना टाका आत घ्यावा, तसंच. कारागिरी अव्वल आहे, यात वाद नाही.

माझं भांडण आहे ते चित्राच्या कडांवरून. मुलांना मी आधी चौकट आखायला लावत असे. काय आत घ्यायचं आणि काय बाहेर ठेवायचं हे ठरलं, की निम्मं चित्र झालं. कावळ्यांचं ते चित्र मुळात अर्धा मीटर उंच आणि जेमतेम मीटरभर रुंद आहे. शेतातली वाट मध्येच संपते आणि आभाळ अंगावर येतं, ते त्या बुटक्या, लांबट चौकटीमुळे. भिंतभर पसरलं की शेताला अंतच राहत नाही आणि ती घुसमटही जाते. ‘बटाटे खाणारे’ या चित्रातली माणसं एका दिव्याखाली दाटीने बसली आहेत. त्यांना दहा मीटरची करून त्या दाटीचं काय उरणार? शिवाय पुढचं चित्र आपली नजर ठरण्याआधीच येतं. किती वेळ बघायचं हेही दुसराच कोणीतरी ठरवतो.

दुसऱ्या दिवशी ओर्से संग्रहालयात गेलो. तिथे व्हॅन गॉगने 1888 मध्ये आर्ल गावी रंगवलेलं ऱ्होन नदीवरच्या तारकांच्या रात्रीचं चित्र आहे, सुमारे 73 बाय 92 सेंटिमीटरचं. त्यात सप्तर्षी स्वच्छ ओळखू येतात. आदल्या दिवशी पाणी हलत होतं, तारे लुकलुकत होते, पण सप्तर्षी शोधायला सवड मिळाली नव्हती. मी चित्राच्या बाजूला सरकून तिरकं बघितलं. तारे कॅनव्हासवर उठून आले होते, रंगाचे नुसते गोळे. एक पाऊल मागे घेतलं की त्यांच्यावरची चकाकी जागा बदलायची. फोटोत ही चकाकी एकदाच गोठते, मग तो कितीही मोठा करा.

रंगांची गोष्ट तर आणखी वेगळी. ‘शयनगृह’ या त्याच्या चित्रातल्या भिंती आज निळ्या दिसतात, पण भाऊ थिओला लिहिलेल्या पत्रात तो त्यांना फिकट जांभळ्या म्हणतो. त्यातला तांबडा काळाच्या ओघात उडाला. प्रोजेक्टर मोठा करतो तो हा उडालेला रंगच.

मग हे खेळ वाईट का? मी तसं म्हणणार नाही. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथल्या शिळाछापातून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरात पोचल्या. जाणत्यांनी नाकं मुरडली, तरी सामान्य माणसाने चित्र म्हणून जे पाहिलं ते तेच होतं. फुलं वेचणाऱ्या त्या पोरीला उद्या व्हॅन गॉग हे नाव परकं वाटणार नाही, एवढं तरी झालंच.

मात्र धंद्याची बाजूही माहीत असावी. व्हॅन गॉग 1890 मध्ये गेला, त्यामुळे त्याच्या चित्रांवर आता कोणाचाही स्वामित्वहक्क नाही. म्हणून कोणतीही कंपनी त्याच्या नावाने असा खेळ लावू शकते. 2021 मध्ये न्यूयॉर्कमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे असे खेळ एकाच वेळी चालू होते आणि कुठलं तिकीट कशाचं, यात लोकांचा गोंधळ उडत होता. 2023 च्या सुरुवातीला मुंबईतही, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये, व्हॅन गॉग लागला होता. असे खेळ पुन्हा येतील.

मुंबईत असा खेळ आला तर मुलांना घेऊन जरूर जा, पण तिकीट काढण्याआधी दाखवणारे कोण आणि खेळ किती मिनिटांचा, हे नीट वाचून घ्या. आणि त्याच दिवशी काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही डोकवा. टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रं तिथे आहेत. त्यांतल्या एखाद्यासमोर मुलांना तिरकं उभं करा आणि रंगावर उजेड कसा पडतो ते बघायला सांगा.