पेशी-आसंजन व कर्करोगाचा प्रसार : ई-कॅडहेरिनचे दुहेरी कार्य

कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी बहुसंख्य मृत्यू मूळ गाठीमुळे होत नाहीत. त्या गाठीतून निघून यकृत, फुप्फुस, अस्थी किंवा मेंदू यांत वसलेल्या पेशींमुळे होतात. मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकता येते, परंतु या विखुरलेल्या पेशींचा माग काढणे दुष्कर असते. म्हणूनच पेशी आपल्या शेजारणींची संगत सोडून बाहेर कशी पडते, हा प्रश्न कर्करोगविज्ञानात आरंभापासून महत्त्वाचा मानला गेला आहे. या प्रश्नाला दीर्घकाळ एक सरळ उत्तर दिले जात असे : पेशींमधील बंध सैल झाले की त्या सुटतात, आणि सुटल्या की पसरतात. यातील पूर्वार्ध बव्हंशी खरा ठरला आहे. उत्तरार्ध मात्र तितकासा खरा नाही, आणि त्याचा परिणाम उपचारांच्या दिशेवरही होतो.

पूर्वार्धाला प्रयोगाचा आधार दिला तो डेल कोमन या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने, १९४४ साली. ओठ व गर्भाशयग्रीवा यांच्या कर्करोगातील पेशींच्या जोड्या घेऊन त्याने त्या सूक्ष्म सुयांनी एकमेकींपासून ओढून वेगळ्या केल्या. पेशी सुटेपर्यंत सुई किती वाकते, यावरून लागणाऱ्या बलाचे अनुमान करता येत असे. निरोगी अभिस्तरातील पेशींना विलग करण्यास जे बल लागे, त्याहून पुष्कळच कमी बलाने कर्कपेशी विलग होत. उपकरण साधे आणि मोजणी ढोबळ होती. तथापि निष्कर्ष इतका स्पष्ट होता की, पुढे त्याच्या सत्यतेविषयी फारशी शंका घेतली गेली नाही. उणीव होती ती एकच : पेशींना जोडून ठेवणारा पदार्थ कोणता, हे अज्ञात होते.

तो पदार्थ सापडण्यास एक किरकोळ वाटणारी अडचण कारण झाली. क्योतो येथील मासातोशी ताकेइची बाल्टिमोरमधील कार्नेगी संस्थेत काम करू लागले, तेव्हा जपानात सहज एकत्र येणाऱ्या पेशी तेथे एकत्र येईनात. शोध घेता असे आढळले की, पेशी सुट्या करण्यासाठी वापरलेल्या ट्रिप्सिनच्या द्रावात तेथे कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे द्रव्य मिसळलेले असे. क्योतोच्या द्रावात ते नसे. कॅल्शियम असता ट्रिप्सिन ज्या प्रथिनाला धक्का लावू शकत नाही, पण कॅल्शियम काढून घेताच जे नष्ट होते, असे एखादे आसंजक प्रथिन पेशीच्या पृष्ठावर असले पाहिजे, हे त्यावरून उघड झाले. या तर्काची मांडणी १९७७ साली प्रसिद्ध झाली. १९८४ साली त्या प्रथिनास ‘कॅडहेरिन’ हे नाव मिळाले. द्राव बनविण्याची कृती प्रयोगशाळेच्या वहीत काटेकोर का लिहावी, याचे याहून चांगले उदाहरण विद्यार्थ्यांस क्वचितच मिळेल.

कॅडहेरिनांचे कुल मोठे आहे. त्यांपैकी अभिस्तरात, म्हणजे त्वचा, ग्रंथी व पोकळ अवयवांची अस्तरे ज्या ऊतकाने बनतात त्यात, आढळणारे ते ई-कॅडहेरिन. याचा रेणू पेशीपटलाच्या आरपार गेलेला असतो. बाहेरचा भाग शेजारच्या पेशीवरील तशाच रेणूला धरतो. त्याला ताठपणा येतो तो कॅल्शियममुळे. आतील शेपूट कॅटेनिन नावाच्या प्रथिनांना धरते, आणि त्यांच्या मार्फत पेशीकंकालातील ॲक्टिन तंतूंशी जोडली जाते. म्हणजे दोन पेशींचे केवळ पृष्ठच नव्हे, तर त्यांचे सांगाडेही परस्परांस बांधले जातात. कॅटेनिनांपैकी बीटा-कॅटेनिन हे केंद्रकात जाऊन जनुकांचे नियमनही करते. आसंजन हे निव्वळ डिंकाचे काम नव्हे, हे यावरून ध्यानात यावे.

ई-कॅडहेरिन आक्रमणाला आवर घालते, याचे पुरावे १९८९ ते १९९८ या काळात एकामागून एक पुढे आले. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या अभिस्तर-पेशींना या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड दिले असता त्या कोलॅजेनच्या थरात घुसू लागल्या. उलट, ज्या कर्कपेशींतून ते प्रथिन नाहीसे झाले होते, त्यांत त्याचे जनुक पुन्हा घातले असता त्यांचे आक्रमण थांबले. जर्मनी व बेल्जियममधील प्रयोगशाळांनी हे १९९१ साली स्वतंत्रपणे दाखविले. परंतु संवर्धनपात्रातील पेशी आणि जिवंत प्राणी यांत अंतर असते. ते अंतर १९९८ साली गेऱ्हार्ड क्रिस्टोफोरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांनी भरून काढले. स्वादुपिंडात हमखास अर्बुदे होणाऱ्या उंदरांत ई-कॅडहेरिन टिकवून धरले असता अर्बुद सौम्य अवस्थेतच थबके. त्याच्या कार्यात अडथळा आणला असता आक्रमण लवकर सुरू होई व लसीकाग्रंथींपर्यंत पोहोचे.

त्याच वर्षी न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. या कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कर्करोग होत होता आणि अनेक जण तरुणपणीच दगावले होते. पॅरी गिलफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांना या कुटुंबात ई-कॅडहेरिनच्या जनुकाचे आनुवंशिक उत्परिवर्तन आढळले. असे उत्परिवर्तन असलेल्या व्यक्तींना आज पुष्कळदा रोग दिसण्यापूर्वीच संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. स्त्रियांच्या बाबतीत स्तनाच्या खंडिकीय कर्करोगाचा धोकाही वाढलेला असतो. एका आसंजक रेणूतील दोषाची एवढी किंमत माणसास द्यावी लागते! तरीही याच रुग्णांकडून मिळालेली एक माहिती विचार करावयास लावणारी आहे. खबरदारी म्हणून काढलेल्या जठरांचे बारकाईने परीक्षण केले असता, त्यांपैकी बहुतेकांत कर्कपेशींचे अतिसूक्ष्म पुंजके आढळतात. हे पुंजके कित्येकदा वर्षानुवर्षे तसेच निद्रिस्त राहतात. बंध तुटले, पण प्रसार झाला नाही, असा हा प्रकार आहे.

याचे कारण समजण्यासाठी आसंजनाच्या दुसऱ्या अंगाकडे वळले पाहिजे. अभिस्तराची पेशी जशी शेजारणीला धरून असते, तशीच ती आपल्या खालच्या तलपटलालाही धरून असते. हे काम इंटिग्रिन या ग्राहींचे. मानवात त्यांचे २४ प्रकार असून ते १८ अल्फा व ८ बीटा घटकांच्या जोड्यांनी बनतात. इंटिग्रिनांमार्फत पेशीला ‘तू आपल्या जागी आहेस’ असा संदेश सतत मिळत असतो, आणि जगण्यासाठी पेशी या संदेशावर अवलंबून असते. आधार सुटलेली अभिस्तर-पेशी स्वतःचाच अंत घडवून आणते. स्टीव्हन फ्रिश व हंटर फ्रान्सिस यांनी १९९४ साली या मृत्यूस ‘अनॉयकिस’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा आशय ‘बेघर होणे’ असा आहे. शरीराच्या दृष्टीने ही मोठीच सुरक्षाव्यवस्था होय. एरव्ही आतड्याच्या अस्तरातून रोज गळणाऱ्या पेशी भलत्याच ठिकाणी रुजण्याचा संभव राहिला असता.

प्रसार पावणाऱ्या कर्कपेशीला हा अडसर ओलांडावा लागतो, आणि तो सहजी ओलांडता येत नाही. आयझाया फिडलर यांनी १९७० साली किरणोत्सर्गी आयोडीनने खूण केलेल्या अर्बुदपेशी उंदरांच्या रक्तात सोडल्या. २४ तासांनंतर त्यांपैकी शेकडा एकाहूनही कमी पेशी जिवंत उरल्या होत्या. रक्तप्रवाहाचा आघात व प्रतिकारक्षम पेशींचा हल्ला यांबरोबरच आधाराचा अभाव हेही या संहाराचे एक कारण आहे. म्हणजे सुटणे ही तुलनेने सोपी पायरी. सुटल्यावर जगणे ही अवघड.

येथेच ई-कॅडहेरिनचे दुसरे रूप प्रकट होते. उंदराच्या स्तनग्रंथीतून हे प्रथिन काढून टाकले असता त्या पेशी आक्रमक होत नाहीत, तर दुग्धस्रवणाच्या काळात मरून जातात, असे २००२ साली दिसून आले होते. शेजारणीचा स्पर्श हादेखील जीवनाचा संदेश असतो, हा त्याचा अर्थ. दाहक स्तनकर्करोग अत्यंत वेगाने पसरतो, तरी त्याच्या पेशींत ई-कॅडहेरिन विपुल असते. बीजांडकोशाच्या पृष्ठावरील निरोगी पेशींत ते अल्प असते आणि कर्करोगात मात्र वाढते. ही उदाहरणे अपवाद म्हणून बाजूला ठेवली जात. अपवादांची संख्या इतकी वाढल्यावर नियमाचाच फेरविचार व्हावयास हवा होता. तो उशिराच झाला.

निर्णायक प्रयोग २०१९ साली बाल्टिमोरमध्येच झाला, हा एक योगायोग. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील वीणा पद्मनाभन, अँड्र्यू ईवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनकर्करोगाच्या निरनिराळ्या नमुन्यांत ई-कॅडहेरिनचे जनुक निष्क्रिय केले. अपेक्षेप्रमाणे आक्रमण वाढले. परंतु रक्तातील कर्कपेशींची संख्या घटली, आणि दूरच्या अवयवांतील वसाहतीही घटल्या. पेशींमध्ये ऑक्सिजनची क्रियाशील संयुगे साचत होती, टीजीएफ-बीटा या वृद्धिघटकाचा संदेशमार्ग प्रबळ होत होता, आणि पेशी बाहेर पडताक्षणी मरत होत्या. हा मृत्यू रासायनिक उपायांनी रोखला असता प्रसार पुन्हा सुरू झाला. एकच रेणू आक्रमणास अटकाव करतो व प्रसारास साहाय्य करतो, यातील विसंगती केवळ दिसण्यापुरती आहे. ही दोन कार्ये रोगाच्या दोन निरनिराळ्या पायऱ्यांवर घडतात.

रक्तात एकट्या फिरणाऱ्या पेशींपेक्षा परस्परांना धरून राहिलेले पेशींचे लहान पुंजके अधिक घातक का असतात, याचाही उलगडा यातून होतो. बोस्टन येथे २०१४ साली झालेल्या अभ्यासात उंदरांतील अशा पुंजक्यांची वसाहत करण्याची क्षमता सुट्या पेशींच्या २३ ते ५० पट आढळली. प्लाकोग्लोबिन हे जोडणीतील प्रथिन कमी केले की पुंजके फुटत व ही क्षमता लोपे. यावरून प्रत्येक जोडणी प्रसारास पोषकच असते, असे मात्र समजू नये. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेत सोराब दलाल यांच्या गटाने २००८ साली दाखविले की, प्लाकोफिलिन-३ हे डेस्मोसोम या जोडणीतील प्रथिन घटविले असता पेशींचे आसंजन क्षीण होते व प्रसार वाढतो. कोणता रेणू, कोणत्या ऊतकात आणि कोणत्या पायरीवर, हे सांगितल्याशिवाय आसंजनाविषयी केलेले कोणतेही विधान अपुरेच राहते.

या गोष्टीची उपेक्षा उपचारात महाग पडते. सिलेन्जिटाइड हे काही इंटिग्रिनांना अडविणारे औषध मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगावर मोठ्या आशेने योजले गेले. ५४५ रुग्णांवरील चाचणीचे फलित २०१४ साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या उपचारांत या औषधाची भर घातल्याने रुग्णांचे आयुष्य वाढले नाही. याच गटातील औषधे अत्यल्प मात्रेत दिली असता उंदरांतील अर्बुदांची वाढ व त्यांतील रक्तवाहिन्यांची निर्मिती उलट वाढते, असा इशारा २००९ सालीच मिळाला होता.

स्तनाचा खंडिकीय कर्करोग हे या विषयातील सर्वांत कठीण कोडे होय. आक्रमक स्तनकर्करोगांपैकी शेकडा १० ते १५ या प्रकारचे असतात. त्यांपैकी सुमारे नऊ-दशांशांत ई-कॅडहेरिन मुळीच नसते; पेशी एकामागे एक ओळीने ऊतकात शिरलेल्या दिसतात, आणि तरीही त्या जगतात व दूरवर पसरतात. नेदरलँड्समध्ये २००६ साली झालेल्या प्रयोगांत केवळ ई-कॅडहेरिन काढल्याने उंदरांना अर्बुद झाले नाही. पी-५३ हे रक्षक जनुकही सोबत नष्ट केल्यावरच खंडिकीय प्रकारचा कर्करोग उद्भवला, आणि त्याच्या पेशींना आधार सुटल्याची तमा उरली नव्हती. पुढे २०१९ साली त्याच देशातील योस योंकर्स यांच्या गटाने आणखी एक मार्ग उघडकीस आणला. ई-कॅडहेरिन गेले की पेशीतील ॲक्टिन व मायोसिन यांचे आकुंचन अतिरिक्त वाढते आणि पेशी थराबाहेर फेकली जाते. हे आकुंचन दुसऱ्या एखाद्या उत्परिवर्तनाने बेताचे सैल झाले, तर तीच पेशी भोवतालच्या आधारद्रव्याला चिकटून तग धरते. शेजारणीचा हात सुटलेली ही पेशी म्हणजे सर्वस्वी निराधार पेशी नव्हे. तिने जगण्याचा आधार बदललेला असतो, आणि औषधाचा रोख या बदललेल्या आधारावर ठेवता येईल काय, याचा तपास आता चालू आहे.