द्राक्षाचा रस : गुण आणि मर्यादा

आजारातून उठलेल्या माणसास शक्ती यावी म्हणून फळांचा रस देण्याची रीत घरोघरी आढळते. द्राक्षाच्या रसाला तर पौष्टिक म्हणून विशेष मान आहे. परंतु द्राक्षातील कोणती द्रव्ये पेल्यात उतरतात व कोणती मागे राहतात, हे पाहिल्यावाचून त्याची खरी योग्यता कळत नाही.

द्राक्षाच्या गरात मुख्यत्वे पाणी आणि शर्करा असते. १०० ग्रॅम शुद्ध रसात सुमारे ८४ ग्रॅम पाणी व १४ ते १५ ग्रॅम शर्करा असते. ही शर्करा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साध्या रूपांत असल्यामुळे तिचे पचन व्हावे लागत नाही. ती लवकर रक्तात मिसळते आणि थकलेल्यास तरतरी येते. रसाचा आंबटपणा टार्टारिक व मॅलिक या आम्लांचा होय. टार्टारिक आम्ल फार थोड्या फळांत विपुल सापडते. चिंच हे त्यांपैकीच एक. रसात पोटॅशियमही असते. रस थंड ठेवला असता तळाशी जे स्फटिक जमतात, ते पोटॅशियम व टार्टारिक आम्ल यांच्या संयोगाने बनलेले असतात.

काळ्या द्राक्षांचा रंग बहुधा सालीतच असतो. त्या रंगद्रव्यांना अँथोसायनिन म्हणतात. ठेचलेली द्राक्षे सालींसह ऊन करून मग दाबली म्हणजे ती रसात उतरतात. अमेरिकेतील कॉन्कॉर्ड जातीचा जांभळा रस असाच काढतात. हिरव्या द्राक्षांत मात्र ही द्रव्ये नसतात.

ताजा रस तसाच ठेवल्यास यीस्ट हे सूक्ष्मजीव शर्करेचे मद्यार्क बनवतात. पाश्चर यांच्या संशोधनाचा आधार घेऊन १८६९ साली न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे टॉमस वेल्च यांनी रस बाटल्यांत भरून तापवला. यीस्ट मेले आणि रस आंबावयाचा थांबला.

सन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात हृदयरोग्यांना सुमारे दोन आठवडे जांभळा रस दिला असता त्यांच्या रक्तवाहिन्यांची प्रसरणशक्ती वाढलेली दिसली. मात्र रोगी केवळ १५ होते. एवढ्यावरून रसाला औषध म्हणता येत नाही.

मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. गाळताना तंतुमय भाग बहुतेक निघून जातो. बाटलीतील रसात, वरून घातले नसल्यास, क जीवनसत्त्व नाममात्रच उरते. शर्करा मात्र पुरी उतरते : २०० मिलिलिटरच्या पेल्यात ती सुमारे ३० ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली फळांच्या रसातील शर्करेची गणना साखरेबरोबरच केली आणि अशा शर्करेपासून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या १० टक्क्यांहून कमी असावी, असे सुचवले. दिवसाला २००० कॅलरी घेणाऱ्यास ही मर्यादा ५० ग्रॅम पडते. म्हणजे एकाच पेल्यात तिचा अर्ध्याहून अधिक भाग संपतो. मधुमेह्याने तर वैद्यकीय सल्ल्यावाचून हा रस घेऊ नये.

सारांश, रस लहान पेल्यात व भोजनाबरोबर घ्यावा. ताजी द्राक्षे मिळत असतील, तर ती स्वच्छ धुऊन सालीसकट चावून खाणेच अधिक हितावह होय.