पाटी एकाची, गल्ला दुसऱ्याचा

अमेरिकेत बर्गर किंगची पाटी लागलेली बहुतेक दुकाने कंपनीची नसतात, मंडळी. फ्रँचायझी म्हणजे कंपनीचे नाव आणि पद्धत वापरण्याचा परवाना, भांडवल दुकानदाराचे. नफा होवो वा तोटा, 100 डॉलर विक्रीमागे सुमारे 4 डॉलर जाहिरात-निधीला द्यावयाचे. शिवाय आपल्या गावच्या वर्तमानपत्रात पदरच्या पैशाने जाहिरात द्यावयाची, तरी मसुद्याला कंपनीची मंजुरी आधी हवी. हे मला गैर वाटत नाही. एकाने थाप मारली तर बट्टा साऱ्यांनाच लागतो.

ठिणगी पडते ती भावावर. 2009 साली कंपनीने डबल चीजबर्गर 1 डॉलरला जाहीर केला. दुकानदारांच्या संघटनेचे म्हणणे असे की, आम्हांस तो निदान 1 डॉलर 10 सेंटला पडतो. (मालकांनाही अखेर संघटनाच काढावी लागली!) दावा लागला, 2011 साली तडजोड झाली. पण तोवरची 10 सेंटांची खोट कोणी भरावयाची? भाडे बांधलेले, जाहिरातीचे टक्के बांधलेले, माल घ्यावयाचा तो कंपनीने मान्य केलेल्या पुरवठादाराकडूनच. दुकानदाराच्या हाती उरतात ते गल्ल्यामागच्या पोरांचे तास आणि त्यांची मजुरी.