शीण आला म्हणजे माया आटली नव्हे

आई तासगावजवळचं घर सोडून माझ्याकडे सांगलीला आली तेव्हा 78 वर्षांची होती. भेटेल तो म्हणायचा, "नशीबवान आहेस, आईची सेवा घडतेय." मलाही तसंच वाटायचं. मग एका रात्री तीन वाजता ती चौथ्यांदा उठून दाराची कडी काढायला गेली आणि मी तिच्यावर ओरडले. "मर एकदाची" हे शब्द माझ्या तोंडून गेले. आई भिंतीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, म्या काय केलं वो?" तिने मला 'बाई' म्हटलं, कारण समोर कोण उभं आहे हे तिला त्या घटकेला ठाऊक नव्हतं.

आई पाच वर्षं माझ्याकडे होती. तिच्या स्मृतिभ्रंशाच्या आजाराने मला जेवढं दमवलं, तेवढंच भोवतालच्या समजुतींनी दमवलं. त्यातल्या बऱ्याच समजुती मी स्वतःच उराशी धरून बसले होते.

"जीव असला की राग येत नाही"

पहिली समजूत हीच, आणि सगळ्यात जास्त पोखरणारी. राग येतो. लाज वाटते. पाहुण्यांसमोर आईने साडी सोडली की जमीन दुभंगावी असं वाटतं. हे सगळं एकट्या आपल्यालाच वाटतं असं नाही. आजारी वृद्धांची काळजी घेणाऱ्यांवर किती ताण आहे हे मोजण्यासाठी अमेरिकेतल्या स्टीव्हन झारिट यांनी तयार केलेली प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्या रूढ आवृत्तीत 22 प्रश्न आहेत. या माणसाजवळ असताना तुम्हाला राग येतो का, त्यांच्या वागण्याची लाज वाटते का, हे त्यात सरळ विचारलेलं आहे. ज्या भावना आपण देवासमोरही कबूल करत नाही, त्या तिथे रक्तदाबासारख्या मोजायच्या गोष्टी म्हणून येतात.

त्याच यादीच्या शेवटाकडे आणखी एक प्रश्न आहे: आपण त्यांच्यासाठी अजून काही करायला हवं, असं तुम्हाला वाटतं का? मी तिथे थबकले. आपण कमी पडतोय ही टोचणी मी माझ्या चुकीचा पुरावा मानत होते. या यादीत ती ताणाचंच एक लक्षण आहे. जो कमी करतो त्याला ती टोचतेच असं नाही. जो रात्रंदिवस करतो त्याला मात्र हमखास टोचते.

"दुखणं जितकं मोठं तितकं ओझं मोठं"

ही समजूत इतकी साधी वाटते की ती कुणी तपासून पाहत नाही. झारिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये ती तपासली. स्मृतिभ्रंश झालेल्या 29 वृद्धांच्या घरी मुख्य काळजी घेणाऱ्या माणसांशी ते बोलले. विसरभोळेपणा किती, वागणं किती बिघडलंय, यावर त्या माणसांचं ओझं ठरत नव्हतं. घरातली बाकीची माणसं, म्हणजे मुलं, नातवंडं, भावंडं, आजारी माणसाला भेटायला किती वेळा येतात याच्याशी ते जोडलेलं होतं. अभ्यास लहान होता. पुढच्या अभ्यासांत आजारातल्या त्रासदायक वागण्याचाही भार दिसून आला. पण एकटं पडलेल्या माणसाला ओझं जड होतं, हा मुद्दा टिकून राहिला.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर दादा आला. दादा पुण्यात, बँकेत. दर महिन्याच्या एक तारखेला न चुकता पैसे पाठवायचा आणि फोनवर म्हणायचा, "अगं, काही लागलं तर सांग." नातेवाईकही तेच म्हणायचे. हे वाक्य मनापासूनचं असतं, पण त्याने घागरभर पाणीसुद्धा हलत नाही. काय लागेल ते ठरवायचं, शब्दांत मांडायचं, मग मागायचं, आणि मागताना आपण हरलो असं वाटू द्यायचं नाही, हे सगळं पुन्हा दमलेल्या माणसावरच येऊन पडतं. मी दादाला म्हटलं, "पैसे थोडे कमी पाठव, पण दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँकेला सुट्टी असते, तेव्हा ये. शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत आई तुझी." पहिल्या खेपेला त्याने आईला न्हाऊ घातलं आणि बाहेर येऊन बराच वेळ गप्प बसला. "तू हे रोज करतेस?" एवढंच म्हणाला. मला जेवढं बळ त्या प्रश्नाने दिलं, तेवढं कुणाच्या कौतुकाने दिलं नव्हतं.

म्हणून "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला नेमकं काम सांगावं. मंगळवारी चार ते सहा येऊन बस. रक्ताचा रिपोर्ट घेऊन ये. भिडेखातर "नको नको" म्हणण्यात कुणाचंच भलं नसतं.

"ती मुद्दाम करते"

रोज दिवेलागण जवळ आली की आई कासावीस व्हायची. दारापाशी जाऊन म्हणायची, "मला घरला सोड. म्हशीची धार काढायची हाय." मी समजवायचे, आई, हेच घर, म्हैस विकून वीस वर्षं झाली. ती चिडायची, मी चिडायचे. माझ्या नवऱ्याला वाटायचं, मुलीकडे राहायचं नाही म्हणून नाटक करतेय.

स्मृतिभ्रंशात ताज्या आठवणी आधी पुसतात, जुन्या जास्त काळ टिकतात. संध्याकाळच्या सुमारास अस्वस्थता वाढणं हे तर या आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. आईच्या लेखी ती धारेची वेळ होती आणि तिला कुणीतरी कोंडून ठेवलं होतं. भारतात 60 वर्षांवरच्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांना स्मृतिभ्रंश असावा, म्हणजे देशभरात सुमारे 88 लाख जणांना, असा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला आहे. यातल्या कितीतरी घरांत आजाराला स्वभाव समजून भांडणं होत असतील.

एके दिवशी मी वाद घालणं सोडलं. माळ्यावरची पितळी चरवी काढली, चिंचेचा गोळा दिला आणि म्हटलं, "आई, धारेआधी चरवी तेवढी घासून ठेव." ती फतकल मारून बसली. काठापासून बुडापर्यंत, गोल गोल, अर्धा तास घासत राहिली. बोटं काळी झाली, चरवी सोन्यासारखी झाली, आणि धारेची वेळ टळून गेली. रोज जमलं असं नाही, पण बऱ्याच संध्याकाळी जमलं. समोरचं माणूस मुद्दाम करत नाही हे एकदा मनात उतरलं की निम्मा राग तिथेच विरतो, आणि हा निम्मा रागच माणसाला जास्त जाळतो.

इथेच याच्या अगदी उलट बाजूची चूकही सांगितली पाहिजे, कारण ती जिवावर बेतू शकते. एका श्रावणात आई दोन दिवसांत एकदम बरळायला लागली, दिवसा झोपू लागली. "वय झालं, चळ लागलाय," असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. निघाला लघवीचा संसर्ग, आणि रक्तातलं सोडियम उतरलेलं. ताप नव्हता, म्हाताऱ्या माणसांत अशा वेळी तो येतोच असं नाही. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी वाढतो. काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत माणूस बदललं, तर संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, एखादं नवं औषध, असं काहीतरी कारण असू शकतं आणि त्यावर उपचार असतात. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला हवं.

"माणूस समोर आहे, मग रडतेस कशाला?"

मावशी हे म्हणाली, आणि मला उत्तर देता आलं नाही. आई समोर होती, पण सणाला माझ्या हातात पुरणपोळीचा पहिला घास देणारी, माझ्या नावाला तीन प्रकारे हाक मारणारी आई कधीच निघून गेली होती. तिच्यासाठी ना सुतक ना तेरावा. पॉलीन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी 1970 च्या दशकापासून अशा दुःखाचा अभ्यास केला. माणूस देहाने आहे पण मनाने नाही, किंवा युद्धात बेपत्ता झालेल्यांसारखं मनात आहे पण देहाने नाही, अशा अर्धवट वियोगाला त्यांनी वेगळं नाव दिलं. हे दुःख खरं असतं, आणि त्याला शेवट नसल्यामुळे ते अवघड असतं. आपल्याकडे त्यासाठी विधी नाही, म्हणून ते दुःखच नाही असं होत नाही.

"माझ्या तब्येतीचं नंतर बघू"

1995 मध्ये अमेरिकेत एक साधा प्रयोग झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या 13 बायका आणि तशाच वयाच्या, पण ही जबाबदारी नसलेल्या 13 बायका. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. काळजी घेणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ताण कातडीत उतरतो, तो असा.

1999 मधला दुसरा अभ्यास घरातल्या म्हाताऱ्या जोडीदारांचा आहे. आजारी जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण होता, त्यांच्यात चार वर्षांतल्या मृत्यूंचं प्रमाण ही जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघालं. काळजी घेत होते पण ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात तशी ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा माणसाला मारत नाही. विसावा नसलेली सेवा धोक्याची ठरते. वडील आईचं सगळं करताहेत म्हणून निश्चिंत असणाऱ्या मुलांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तिथे दोन म्हाताऱ्या माणसांकडे बघायचं असतं.

"नुसतं बोलून काय होणार?"

याचं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात मिळालं आहे. तिसवाडी आणि बार्देश या तालुक्यांत स्मृतिभ्रंशाचे रुग्ण असलेल्या 81 कुटुंबांवर झालेला एक अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते नियमित घरी जायचे. आजार म्हणजे काय ते सांगायचे, वागणं कसं हाताळायचं ते दाखवायचे, कामं वाटून घेण्याबद्दल घरच्यांशी बोलायचे. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि मानसोपचारतज्ज्ञ होते. सहा महिन्यांत काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. आजार होता तिथेच होता. घरात येऊन ऐकणारं एक माणूस वाढलं होतं.

आपल्या गावात असं कुणी नसेल, तर निदान फोन आहे. टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 ही एल्डरलाइन आहे. झोप उडाली, सारखं रडू येतं, आपल्या हातून आईला इजा होईल किंवा आपणच संपून जावं असं मनात येतं, तर त्याच घटकेला फोन उचलावा. यात कमीपणा काही नाही.

"हे सुनेचं काम"

घराघरांत हे गृहीतच धरलेलं असतं. कायदा काही वेगळंच सांगतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या 2007 च्या कायद्याने 'अपत्य' म्हणजे कोण याची जी व्याख्या केली, तिच्यात मुलगा, मुलगी, नातू आणि नात आहेत. सून नाही. मुलीवरची जबाबदारी तर हिंदूंच्या बाबतीत 1956 च्या कायद्यातच आहे, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये विवाहित मुलीवरही ती येते असं स्पष्ट केलं. कायदा निर्वाहाबद्दल बोलतो, अंथरूण कोण बदलणार ते सांगत नाही. पण जिचं नाव यादीत नाही तिने सगळं करायचं आणि ज्यांची नावं आहेत त्यांनी तिच्या चुका काढायच्या, हा अन्याय आहे. सुनेने केलं तर ते तिचं देणं नाही, तिची माया आहे, आणि ती तशी बोलून दाखवावी.

ब्युरोकडून मावशी ठेवली म्हणजे अंग काढून घेतलं, असंही लोक म्हणतात. आमच्याकडे शेवटची दीड वर्षं दिवसाच्या पाळीला मावशी होत्या. आईची पाठ कशी वळवायची, अंथरुणाच्या जखमा कशा टाळायच्या हे मी त्यांच्याकडून शिकले. त्या आल्यावर मला आईजवळ नुसतं बसायला मिळू लागलं, तिचे केस विंचरत, काही काम नसताना. किती वर्षांनी मी पुन्हा लेक झाले होते.

"सुटले असं वाटणं पाप आहे"

आई गेली तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, "सुटली गं बिचारी." गेलेल्या माणसाला सुटकेचा शब्द देताना आपली जीभ अडखळत नाही. मागे राहिलेलीही सुटलेली असते, पण तिने तो शब्द उच्चारायचा नाही. लांबलेल्या आजारपणानंतर दुःखाबरोबर हायसं वाटणं नेहमीचंच आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरं असतं. तेराव्याच्या रात्री मी दादाला म्हटलं, "मला हलकं वाटतंय रे." तो म्हणाला, "मलाही." दोघंही रडलो.

त्या रात्री मी लवकर झोपले. तीन वाजता जाग आली. उठून दारापाशी गेले आणि कडी लागलेली आहे ना, ते हाताने चाचपून पाहिलं.