दुर्बीण खोडदला, पण काम कोणाला?

पेठहून अवसरीचा घाट ओलांडला की मंचर, कळंब, नारायणगाव आणि तिथून पूर्वेला खोडद. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण इथे उभी आहे. विज्ञानदिनाला, 28 फेब्रुवारीला, आंबेगाव-जुन्नरच्या शाळा तिथे लोटतात. पोरं हरखून जातात. मोठी माणसं मात्र ‘हे आपल्यातल्यांचं काम नव्हे’ असं मनाशी ठरवूनच परततात. त्यामागच्या काही समजुती तपासून पाहू.

‘नजर तेज हवी, अंग धडधाकट हवं.’
खोडदला कोणी दुर्बिणीला डोळा लावून बसत नाही. रेडिओ लहरी कोणालाच दिसत नाहीत. तबकडीने पकडलेला संकेत ऑप्टिकल फायबरमधून मध्यवर्ती इमारतीत जातो, तिथे सगळ्या तबकड्यांचे संकेत एकमेकांशी जुळवले जातात आणि हाती येतात ते आकडे. रंगीत चित्र त्यानंतर संगणकावर तयार होतं. मग आकडे कानाने का वाचू नयेत? पोर्तो रिकोच्या वांडा दियाझ-मर्सेड यांची दृष्टी शिकत असताना गेली. त्यांनी खगोलीय माहितीचं ध्वनीत रूपांतर करून संशोधन चालू ठेवलं. तबकडीवर चढून दुरुस्ती करणं हे एक काम झालं. विश्लेषणाला खुर्ची आणि संगणक पुरतो, मग ती खुर्ची चाकांची का असेना. अडचण निराळीच असते: पायऱ्या आहेत पण उतार नाही, आलेख आहे पण तो वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा राखल्या, पण जागा भरल्यावर माणूस इमारतीत शिरणार कसा, हेही कोणी तरी बघायला हवं.

‘मुलींना हे झेपत नाही.’
जीएमआरटीवर ज्यांचा कसून अभ्यास होतो ते पल्सार, म्हणजे ठरावीक तालात रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे, 1967 मध्ये पहिल्यांदा टिपले जोसलिन बेल या विद्यार्थिनीने. 1974 चं नोबेल तिचे मार्गदर्शक ह्यूइश आणि त्यांचे सहकारी राइल यांना मिळालं. पुढे 2018 मध्ये तिला 30 लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं, तेव्हा तिने ती सगळी रक्कम भौतिकशास्त्रात कमी संख्येने येणाऱ्या गटांतल्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकली. खोडदची दुर्बीण ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्राची आहे, त्या संस्थेत बिभा चौधुरी 1949 मध्येच संशोधक म्हणून दाखल झाल्या होत्या. झेपण्याचा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. आजची अडचण वयाची आहे. पीएच.डी. आणि त्यानंतरच्या तात्पुरत्या नेमणुका नेमक्या लग्न-बाळंतपणाच्या वर्षांत येतात. भारतीय खगोलशास्त्रज्ञांच्या संघटनेने स्त्री-पुरुष समतेसाठी वेगळा कार्यगट नेमला आहे, तो उगाच नाही.

‘सगळ्यांना घ्यायचं म्हटलं की दर्जा घसरतो.’
हबल दुर्बिणीचा वेळ मिळवायला जगभरातून प्रस्ताव येतात. 2018 मध्ये परीक्षकांपासून अर्जदारांची नावं लपवली गेली. त्याआधी वर्षानुवर्षं पुरुषांचे प्रस्ताव अधिक प्रमाणात मंजूर होत असत. त्या फेरीत स्त्रियांचे 8.7 टक्के, तर पुरुषांचे 8 टक्के मंजूर झाले. फरक लहान आहे, पण कोणालाही एका गुणाची सवलत न देता तो पडला. नाव दिसत होतं तेव्हा नेमकी सवलत कोणाला मिळत होती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

‘पीएच.डी. नाही, इंग्रजी नाही, मग काय उपयोग?’
शोधनिबंध इंग्रजीत असतात, हे खरंच. पण मोटारी, गिअर, केबल, संकेत टिपणारी यंत्रणा, सॉफ्टवेअर सांभाळायला अभियंते आणि तंत्रज्ञही लागतात. पेठपासून घाटाखालचं अवसरीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय तर आंबेगाव तालुक्यातच आहे.

प्रश्न उरतो तालुक्याच्या पश्चिम पट्ट्याचा. भीमाशंकर-आहुप्याकडच्या आश्रमशाळांतल्या महादेव कोळी आणि ठाकर मुलांना खोडद नकाशावर जवळ, पण एसटीने दिवसभराचं. आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय घोडेगावातच आहे. येत्या 28 फेब्रुवारीला तिथून दोन-चार गाड्या ठरवता येतील.