जुनी जीप, बर्फ आणि मीठ

गेल्या वर्षी अशोक विजयादशमीच्या दुसऱ्या दिवशी रात्री उशिरा माझ्या भाच्याचा कॅनडातून फोन आला. तो ओंटारियो प्रांतात शिकायला गेला आणि शिक्षण संपल्यावर तेथेच नोकरीला लागला. "मामा, जुनी जीप घेतोय. चारही चाकांना जोर असलेली, डोंगरात, चिखलात, बर्फात कुठेही जाणारी. बारा वर्षं वापरलेली आहे, पण वरून अगदी आरशासारखी. थोडे पैसे कमी पडतायत."

'वरून आरशासारखी' हे शब्द ऐकले आणि माझ्या छातीत धस्स झाले. या मुलाच्या शिक्षणासाठी काढलेले कर्ज अजून फिटलेले नाही. माझी बहीण अंगणवाडीत काम करते. तिने पै पै करून जमवलेल्या पैशांवर तो तेथवर पोहोचला. मी त्याला एवढेच म्हणालो, "आठ दिवस थांब. जीपखाली झोपून पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस."

मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण गंज म्हणजे काय, हे मी एकदा पदरमोड करून शिकलो आहे. समाजातील अनेक तरुण आज जुनी वाहने घेऊन व्यवसाय करतात. काही मुले शिष्यवृत्ती मिळवून थंड देशांत शिकायला जातात. त्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची फसगत

काही वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाने प्रवासी वाहतुकीसाठी एक जुनी जीप घेतली. कोकणच्या किनाऱ्यावरील एका गावातून ती आणली होती. पतसंस्थेचे कर्ज होते आणि जामीनदार मी. गाडी पाहायला मीही गेलो होतो. नवा रंग, नवी ताडपत्री, नव्या गाद्या. इंजिन एका चावीत सुरू झाले. आम्ही दोघे खूश झालो. खाली वाकून पाहण्याचे कोणालाच सुचले नाही.

पहिल्याच पावसाळ्यात टाकळी ढोकेश्वरकडून पारनेरला येताना एका खड्ड्यात गाडी आदळली. मागच्या कमानपाट्याचा आधार चासीपासून सुटला आणि गाडी एका बाजूला बसली. वेग कमी होता म्हणून नऊ प्रवाशांपैकी कोणाला खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही. वेल्डिंगवाल्याने चासीवर हातोडी मारली तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. तो म्हणाला, "वेल्डिंग कशाला करू? धरायला लोखंडच उरलं नाही." मागाहून कळले की, ती जीप पूर्वी मासळी वाहायची. बर्फ आणि मीठ घातलेल्या मासळीचे पाणी वर्षानुवर्षे चासीवर ठिबकत होते. गाडी भंगारात गेली. हप्ते मात्र तीन वर्षे चालू राहिले.

गंज कसा चढतो?

धम्मपदाच्या मलवग्गात लोखंडाच्या गंजाचा दृष्टांत आलेला आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. म्हणजे गंजाची करणी माणसाला फार जुन्या काळापासून परिचयाची आहे. विज्ञानाने तिचे कारण सांगितले. लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू ही तिन्ही एकत्र आली की गंज चढतो. तिघांपैकी एकाला दूर ठेवले की गंज थांबतो. गंजावरचे सारे उपाय या एका वाक्यात आहेत.

लोखंडावर पाण्याचा थेंब पडला की त्याखाली एक अगदी लहानसा विद्युतघट तयार होतो. एका जागी लोखंड विरघळू लागते. तेथून सुटलेले इलेक्ट्रॉन शेजारच्या जागी जातात आणि तेथे प्राणवायू ते घेतो. शुद्ध पाण्यातून वीज फार कमी वाहते, म्हणून हे काम सावकाश चालते. त्या पाण्यात मीठ मिसळले की वीज सहज वाहू लागते आणि गंजाचा वेग कितीतरी वाढतो. शिवाय मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे लोखंड लवकर सुकत नाही. आपल्या आयाबहिणींना हे पुस्तकाशिवायच ठाऊक असते. लोखंडी तव्यात रात्रभर खारट कालवण राहिले तर सकाळी तवा लाल होतो. तोच तवा धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवला तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

गंजाचा आणखी एक दुर्गुण आहे. ॲल्युमिनियमवर चढणारा थर घट्ट चिकटून बसतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र फुगतो, मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. विद्यार्थी मित्रांनी या संदर्भात दिल्लीच्या मेहरौली येथील लोहस्तंभाची आठवण ठेवावी. सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा असूनही तो फारसा गंजलेला नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे त्यावर चिकट, संरक्षक थर तयार झाला, असे कानपूरच्या आयआयटीतील संशोधनातून दिसून आले. आपल्या जीपच्या लोखंडाला असे कवच आपोआप मिळत नाही. ते आपल्याला द्यावे लागते.

दोष बर्फाचा की मिठाचा?

आमच्या संस्थेचे एक ज्येष्ठ सभासद सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी अनेक वर्षे लडाखमध्ये वाहने चालवली. भाच्याची हकीकत मी त्यांना सांगितली तेव्हा ते हसून म्हणाले, "साहेब, लेहला गाड्या बॅटरीनं मरतात, डिझेल गोठून मरतात. गंजानं मरताना मी फार कमी पाहिल्या."

विचार केला तर हे बरोबरच आहे. लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. म्हणजे आपल्या दुष्काळी पारनेरपेक्षाही तो प्रदेश कोरडा. हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असली तर स्वच्छ लोखंड फारसे गंजत नाही. शिवाय कडाक्याच्या थंडीत रासायनिक क्रिया मंदावतात. तेव्हा नुसता कोरडा बर्फ हा लोखंडाचा मोठा वैरी नाही.

मग कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गाड्या का सडतात? कारण तेथे रस्त्यावर मीठ टाकतात. पाणी शून्य अंशाला गोठते, पण त्यात मीठ मिसळले की ते आणखी खालच्या तापमानाला गोठते. त्यामुळे रस्त्यावरचा बर्फ वितळतो आणि वाहने घसरत नाहीत. साधे मीठ उणे ९-१० अंशांपर्यंत चांगले काम करते. त्याहून थंडी वाढली की कॅल्शियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम क्लोराईड वापरतात. ही क्षार-द्रव्ये हवेतील ओलावा आणखी जोराने शोषतात. एकट्या अमेरिकेत दरवर्षी सुमारे २ कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते. भाचा राहतो त्या ओंटारियोतच ह्युरॉन सरोवराच्या काठी गॉडरिच येथे जगातील सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे.

म्हणजे त्या देशातील जीप आणि आमची मासळीची जीप यांचे दुखणे एकच, बर्फ आणि मीठ यांचे पाणी. जी गाडी रस्ता सोडून चिखलात जाते तिला धोका अधिक. चिखल चासीच्या पोकळीत, कमानपाट्यांच्या फटीत, मडगार्डच्या आतल्या कडेत बसतो आणि खारट पाणी पोटात धरून ठेवतो.

हा दोष फक्त स्वस्त गाड्यांचा नाही. टोयोटा कंपनीच्या टॅकोमा, टंड्रा आणि सेक्वोया या दणकट गाड्यांच्या चासी गंजण्यावरून अमेरिकेत खटला झाला. २०१६ साली कंपनीने सुमारे १५ लाख वाहनांबाबत तडजोड मान्य केली. तिची किंमत ३४० कोटी डॉलरपर्यंत जाईल असा तेव्हा अंदाज होता. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर बारा वर्षे वापरलेल्या गाडीकडे आपण किती बारकाईने पाहिले पाहिजे!

घेण्यापूर्वी काय पाहावे?

हवालदारसाहेबांनी सांगितले ते मी त्याच रात्री भाच्याला लिहून पाठवले.

१) गाडी जॅकवर किंवा गॅरेजच्या लिफ्टवर चढवून खालून पाहावी. मालक नाही म्हणाला तर तेथूनच परत फिरावे.

२) चासीवर लहान हातोडीने ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते, सडलेले बद्द आवाज देते. जाड स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. चासी पेटीसारखी बंद असेल तर ती आतून सडत येते, म्हणून तिच्या भोकांतून बॅटरीचा उजेड टाकून आत पाहावे.

३) कमानपाट्यांचे आधार, बॉडी जेथे चासीवर बसते त्या जागा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या विशेष तपासाव्यात. नळी फुटली तर ब्रेक निकामी होतो. तेथे पैशांचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

४) पत्र्यावर लोहचुंबक फिरवावे. जेथे ते चिकटत नाही तेथे रंगाखाली जाड लांबी भरलेली असते. पायाखालचे मॅट उचलून तळ पाहावा.

५) खालून ताजा, चकचकीत काळा रंग दिसला तर आनंद मानू नये, संशय घ्यावा.

६) गाडी आजवर कोठे चालली, याची कागदपत्रे पाहावीत. कोरड्या प्रदेशातील जास्त चाललेली गाडी ही मिठाच्या प्रदेशातील कमी चाललेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा बरी असते.

घेतल्यावर काय करावे?

पहिला उपाय धुण्याचा, आणि तो सर्वांत स्वस्त. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेले की गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. मडगार्डच्या कडा, चासीची पोकळी, पाट्यांच्या फटी येथील चिखल निघाला पाहिजे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निथळण्यासाठी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी ठेवावीत. मिठाने माखलेली गाडी न धुता उबदार गॅरेजमध्ये ठेवणे चुकीचे. बाहेरच्या थंडीत झोपलेला गंज उबेत जागा होतो.

दुसरा उपाय जुन्या गंजाचा. सुटलेले पापुद्रे वायर ब्रशने खरवडून काढावेत. मग फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजरोधक द्रावण लावावे. ते उरलेल्या गंजाचे फॉस्फेटच्या थरात रूपांतर करते. लोहस्तंभाला जो थर काळाने दिला, त्याचाच हा गरिबाघरचा भाऊ. तो वाळल्यावर प्रायमर आणि रंग द्यावा. भोक पडलेल्या चासीला मात्र रंग हा उपाय नाही. तेथे सडका भाग कापून नवे लोखंड जोडावे लागते, आणि ते कुशल माणसाकडूनच.

तिसरा उपाय तेलाच्या थराचा. रबरासारखा कडक होणारा काळा लेप दिसायला छान दिसतो, पण काही वर्षांनी त्याला तडे जातात. पाणी आत शिरते, बाहेर येत नाही आणि गंज झाकून वाढतो. म्हणून थंड देशांत पुष्कळ लोक न वाळणारे तेलकट द्रव्य दरवर्षी फवारून घेतात. यातील काही द्रव्ये लॅनोलिनपासून बनतात. मेंढीच्या लोकरीला हात लावल्यावर जो मेणकटपणा जाणवतो, तेच हे. आपल्या तालुक्यातील मेंढपाळांना तो चांगला परिचयाचा आहे. मेंढीची लोकर ज्या गुणाने पाणी झटकते, तोच गुण लोखंडाला उसना मिळतो. हा फवारा बर्फ पडण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गाडी धुऊन पूर्ण सुकल्यावर मारावा. आपण पावसाळ्याआधी घराचे पत्रे पाहून घेतो, तसेच हे.

आपल्याकडे गॅरेजमध्ये जळके ऑईल फवारण्याची पद्धत आहे. ती टाळावी. त्यातील आम्ल आणि धातूंचे कण अपायकारक असतात, रबरी भाग खराब होतात आणि ठिबकणारे तेल जमिनीत मुरते. कोणतेही तेल ब्रेकच्या डिस्कवर, ड्रमवर किंवा सायलेन्सरवर पडता कामा नये. बॅटरीला जोडून गंज थांबवणारी विजेची यंत्रेही विकली जातात. धातूचे असे विद्युत-रक्षण पाण्यात बुडालेल्या जहाजाला किंवा जमिनीत पुरलेल्या नळाला चालते, कारण तेथे वीज वाहून न्यायला चहूबाजूंनी पाणी किंवा ओली माती असते. हवेत धावणाऱ्या गाडीला त्याचा भरवसा धरू नये.

शेवटी

भाच्याने ती आरशासारखी जीप लिफ्टवर चढवली. तपासणीचे पैसे गेले म्हणून तो आधी कुरकुरला. मग त्याने मला फोटो पाठवला. मागच्या चाकाजवळ चासीत त्याची दोन बोटे आत जात होती. तो फोटो मी चुलतभावाला दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "आपल्याला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर."

भाच्याने दीड महिन्याने दुसरी जीप घेतली. रंग उडालेला, एका बाजूला पोचा, पण आधीच्या मालकाने दरवर्षी खालून तेल मारल्याच्या पावत्या जपून ठेवल्या होत्या. मी बँकेतला माणूस, मला पावत्यांवर विश्वास. माझ्या बहिणीने फोटो पाहून विचारले, "एवढी जुनाट का घेतली?" मी तिला सांगितले, "ताई, ही खालून नवी आहे."

तरुण मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी, मग ती स्वतःसाठी असो की जामीनदार म्हणून, अंगावरचे कपडे मळतील याची पर्वा न करता एकदा गाडीखाली झोपा. एक हातोडी, एक चुंबक आणि एक बॅटरी बरोबर न्या. या तिन्हींची किंमत एका हप्त्याहून कमी आहे.