मोती दाताला घासून काय कळते?

आजीची नथ किंवा तन्मणी विकायची वेळ आली, की पहिला प्रश्न निघतो, ‘मोती खरे आहेत ना?’ मग कुणीतरी मोती दाताला घासून पाहते. खरखर लागली, की सगळे निश्चिंत! ही परीक्षा खोटी नाही, पण अपुरी आहे. तिच्यात काचेचा किंवा प्लॅस्टिकचा नकली मोती तेवढा पकडला जातो. नैसर्गिक मोती आणि संवर्धित, म्हणजे बाजारातला ‘कल्चर’ मोती, दोन्ही खरखरीतच लागतात. कारण दोन्हींवरचे थर शिंपल्यातल्या जिवानेच चढवलेले असतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो.

हा फरक मोत्याच्या पोटात असतो. नैसर्गिक मोत्यात कांद्यासारखे थरावर थर, पार मध्यापर्यंत असतात. कल्चर मोती करताना शिंपल्यात बहुधा दुसऱ्या शिंपल्यापासून घडवलेला मणी ठेवतात. त्यावर थर चढतात.

जपानच्या मिकिमोतो यांनी १८९३मध्ये असा अर्धगोल मोती मिळवला. पुढे गोल मोती युरोपात पोहोचले आणि व्यापारी हादरले. म्हणून १९२५मध्ये लंडनला मोती तपासणारी प्रयोगशाळा निघाली. मोत्याचा क्ष-किरण फोटो काढला, की मण्याची कड दिसते. मणी न घालता वाढवलेले गोड्या पाण्यातले मोती मात्र चकवतात. त्यांच्या आतल्या पोकळ्यांचे आकार बारकाईने पाहावे लागतात. आता त्यासाठी सूक्ष्म सीटी स्कॅनही करतात. मोती न फोडता हे सारे होते.

आपल्या जुन्या दागिन्यांतले ‘बसरा’ मोती इराणच्या आखातातले. मुंबई ही त्यांची मोठी पेठ होती. पण दागिना जुना म्हणून त्यातला प्रत्येक मोती जुना, असे मी कधीच धरून चालत नाही. सर पुन्हा ओवताना हरवलेल्या मोत्याच्या जागी कल्चर मोती आलेला असू शकतो. उलट, अख्खा नैसर्गिक सर ‘कल्चर’ समजून कवडीमोलाने जाऊ शकतो.

म्हणून माझे सांगणे एवढेच : वाटणी किंवा विक्री करण्याआधी रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचा लेखी अहवाल घ्या. ‘मोती खरे का?’ एवढेच विचारू नका. ‘नैसर्गिक की संवर्धित?’ असे विचारा, आणि तेही सरातल्या प्रत्येक मोत्याबद्दल.